दाराच्या मागे

३ मार्च, सोमवार

चार वर्षांनी आज कुणीतरी मला ‘सर’ म्हणालं. फोनवर म्हणालं, म्हणून माझा चेहरा त्याला दिसला नाही, हे बरं झालं.

धुलाई कारखान्याचे मॅनेजर होते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा तो मोठा कारखाना. मागच्या मंगळवारी तिथे एका मुलीचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला. मालक परदेशी, त्यामुळे चौकशीला तिकडची माणसं १९ तारखेला येणार आहेत. दुभाष्या त्यांना नको. त्या पाळीतल्या चौदा कामगारांनी स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत, मोजकं का होईना पण सांगायचं. “सर, पंधरा दिवसांत होईल का?” मी म्हटलं, पंधरा दिवसांत मी दगडाला बोलतं करीन.

फोन ठेवला आणि हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “दगड काय बोलणार, ते आधी विचारलंत का?”

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण माझ्या आनंदात मिठाचा खडा टाकायची हिची हातोटी अजून तशीच आहे.

४ मार्च

पहिला तास झाला. वर्ग म्हणजे कामगारांची जेवणाची खोली. ती वरच्या मजल्यावर आहे. खाली यंत्रं चालतात, त्यामुळे फरशी सतत थरथरते आणि टेबलावरचा खडू आपोआप कडेला येऊन खाली पडतो. तासाभरात सहा वेळा उचलला.

चौदापैकी तिघांचे चेहरे लक्षात राहिले. एक घड्यावाले काका. तीस वर्षं चादरींच्या घड्या घालतायत, बोलतानाही हातरुमालाची घडी घालत असतात. एक चादरी पोचवणारा गाडीवाला, ज्याला सगळं येतं असं त्याला वाटतं. आणि थोरली. तिला सगळे थोरलीच म्हणतात, कारण तिची धाकटी बहीणही इथेच होती. हात गेला तो त्या धाकटीचा. ती इस्पितळात आहे. उजव्या हाताची तीन बोटं राहतात की जातात ते अजून ठरायचंय. दोघी बहिणी एकाच रोलरवर समोरासमोर उभ्या असायच्या, एक चादर आत सारायची, दुसरी बाहेर ओढायची. म्हणजे पाहिलं ते थोरलीनेच.

मी आधी सगळ्यांची भीती घालवली. म्हटलं, इंग्रजी माणूस काय केलं ते मागाहून सांगतो. आधी कुठे होता आणि कसा होता, ते सांगतो. त्याला फार शब्द लागत नाहीत. एक ‘वॉज’ घ्यायचा आणि पुढे एखादा चिमुकला शब्द ठेवायचा. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ. की गेला मंगळवार जसाच्या तसा उभा! आय वॉज अपस्टेअर्स. मी वर होतो. शी वॉज आउट. ती बाहेर होती. द लाइट वॉज ऑफ. दिवा बंद होता.

गाडीवाला म्हणाला, “एवढंच? मग लोक उगाच घाबरतात!”

चूक झाली की मी उजव्या हाताचं बोट वर करतो. बोट वर म्हणजे थांबा, मी म्हणतो तसं पुन्हा म्हणा. शाळेत चाळीस-चाळीस पोरं या एका बोटावर चालायची. इथे चौदा मोठी माणसं पहिल्याच दिवशी चालायला लागली. घरी येताना मी शीळ घालत होतो, हे हिला सांगितलं नाही.

६ मार्च

मॅनेजरसाहेबांनी कॉफी पाजली आणि एक टाइप केलेला कागद दिला. चौकशीत येतील असे आठ प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मजकूर नेमका, एकही शब्द जास्त नाही. ‘रोलर चालू होता. जाळी रोलरवर होती. सुपरवायझर जवळ होते. सूचना भिंतीवर होती. कामगार घाईत होती.’ अशा नोंदी समोर असल्या की शिकवायला सोपं जातं. माझ्या पूर्वीच्या हेडमास्तरांना हे कधी जमलं नाही.

जाळी म्हणजे काय ते मी विचारून घेतलं. तापलेल्या रोलरांत बोटं जाऊ नयेत म्हणून पुढे एक पिवळी लोखंडी जाळी बसवलेली असते.

वर्गात एकेक वाक्य फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. थोरलीने हात वर केला.

“मास्तर, ‘नव्हती’ कसं म्हणायचं?”

“काय नव्हती?”

“काहीही. एखादी गोष्ट जागेवर नव्हती, असं सांगायचं असलं तर?”

मी सांगितलं की नकार चौथ्या धड्यात. होकार पक्का झाल्याशिवाय मी नकाराला हात लावत नाही. चौतीस वर्षांचा नियम आहे. पाया कच्चा ठेवून वर मजला चढवला की दोन्ही कोसळतात. ती म्हणाली, “चौथा धडा कधी येईल?” मी हिशेब केला. वीस-एकवीस तारखेच्या सुमारास.

“चौकशी एकोणीसला आहे.”

मी म्हटलं, “मग होकारावर भर द्या.” विनोद कुणाला कळला नसावा.

१० मार्च, सोमवार

वह्या तपासल्या. गाडीवाल्याने स्वतःला एकाच वेळी गाडीत, वर आणि इस्पितळात बसवलंय. काकांचं अक्षर घडीसारखंच चोख.

थोरलीची वही पाहून मात्र डोकं फिरलं. हुशार बाई. सगळ्यांत हुशार तीच. कागदावर सहावा प्रश्न आहे, ‘जाळी कुठे होती?’ फळ्यावर चार दिवस उत्तर लिहिलेलं. आणि तिने काय लिहावं? ‘द गार्ड वॉज बिहाइंड द डोअर.’ जाळी दाराच्या मागे होती.

आता बिहाइंड हा शब्द मी शिकवलेलाच नाही! कुठून तरी शोधून आणलान. वाक्य शुद्ध आहे. एक काना इकडचा तिकडे नाही. पण उत्तर चूक. मी लाल पेनने मोठी फुली मारली. खाली बरोबर उत्तर लिहून दिलं आणि ते वीस वेळा लिहून आणायला सांगितलं.

तिला वही देताना म्हटलं, “भाषा छान आहे तुझी. पण विचारलंय तेवढंच सांगावं, आपल्या पदरचं घालू नये.”

ती फुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बरं, मास्तर.”

११ मार्च

हिला गंमत म्हणून दाराची गोष्ट सांगितली. ही हसली नाही.

“तुम्ही तो रोलर पाहिलात?”

“मी कशाला पाहू? मी इंग्रजी शिकवायला जातो.”

“दारामागेच का म्हणाली ती? पलंगाखाली का नाही म्हणाली?”

मी म्हटलं, नवे शब्द आले की विद्यार्थी ते वापरून बघतात, पोरं नवी चप्पल घालून घरभर फिरतात तसं. ही म्हणाली, “तिच्या बहिणीची बोटं जायची वेळ आलीय. ती चप्पल घालून फिरतेय होय?”

मी पेपर उघडला. कधी कधी उत्तर न देण्यातच शहाणपण असतं.

१२ मार्च

थोरलीने वीस वेळा लिहून आणलं. जाळी रोलरवर होती. जाळी रोलरवर होती. विसाव्या ओळीपर्यंत अक्षर तसंच सरळ. मी शेरा दिला, ‘उत्तम’.

धाकटी कशी आहे, विचारलं. म्हणाली, “विचारते, चौकशीत तू काय सांगणार. मी म्हटलं, शिकतेय अजून.”

चौकशीत दोष कारखान्याचा ठरला तर बोटांची पुढची शस्त्रक्रिया कारखाना करणार, आणि धाकटीची नोकरीही राहणार. तिचा स्वतःचा ठरला तर दोन्ही गेलं. हे मला काकांनी सांगितलं. मी थोरलीला म्हटलं, “मग नीट अभ्यास कर. तुझ्या बहिणीचं सगळं तुझ्या इंग्रजीवर आहे.” तिने मान हलवली. मला तिचं खरोखर वाईट वाटलं.

१४ मार्च

रंगीत तालीम. मॅनेजरसाहेब चौकशी करणारे झाले, टाय लावून बसले. चौदाच्या चौदा जणांनी आठही उत्तरं दिली. एकाच सुरात, एकाच उच्चारात. माझाच उच्चार! ‘वॉज’मधला व ओठ गोल करून. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना काका जिन्यात भेटले. रुमालाची चौथी घडी घालत म्हणाले, “मास्तर, एक विचारू? खोटं परक्या भाषेत बोललं की त्याचा भार कमी होतो का हो?”

मी म्हटलं, “काका, तुमचे उच्चार ऐकून तर खरंसुद्धा खोटं वाटेल.”

ते हसले. पण डोळ्यांनी हसले नाहीत. माझी थट्टा कधी कधी जरा जास्तच होते.

१९ मार्च

झालं एकदाचं.

चौकशीला पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, आणि एक तरुण, जो सगळं टाइप करत होता. बाई भल्या वाटल्या. हळू बोलायच्या, प्रत्येक माणसाला आधी पाणी द्यायच्या. मॅनेजर आणि सुपरवायझर दोघांनाही त्यांनी बाहेर बसवलं. मला मात्र कोपऱ्यात खुर्ची दिली, शिक्षक समोर असले की माणसं घाबरत नाहीत म्हणून. मी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

तेरा जण बिनचूक. काकांनी सहाव्या उत्तराला जमिनीकडे पाहिलं, पण म्हणाले बरोबर.

थोरली शेवटी. पहिली पाच उत्तरं नीट दिली. सहावा प्रश्न आला, जाळी कुठे होती? तिने पेला उचलला. घोटभर पाणी प्याली. मग बाईंकडे सरळ पाहून, मोठ्याने, स्वच्छ म्हणाली, “द गार्ड वॉज बिहाइंड द डोअर.”

आणि माझं बोट वर गेलं.

मी ठरवून केलं नाही. चौतीस वर्षांची सवय. पाय घसरला की हात आपोआप टेकतो ना, तसं. तोंडातून ‘ऑन’ पण निघून गेलं. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. थोरलीने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग तिचा आवाज वर्गातला झाला. “द गार्ड वॉज ऑन द रोलर.”

बाईंनी विचारलं, दोन्हींपैकी कुठलं? थोरली माझ्या बोटाकडेच पाहत होती. ते अजून वरच होतं, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, “ऑन.” तरुणाने आधीचं खोडलं आणि पुढचं टाइप केलं.

बाहेर साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. थोरली माझ्याशेजारून गेली. वेळेवर सावरली, हे खरं तर चांगलं झालं. तरी जेवण गेलं नाही. का, ते सांगता येत नाही.

२० मार्च

खडू, डस्टर आणि उरलेल्या वह्या आणायला गेलो. जेवणाच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली खाली सुपरवायझरकडे, म्हणून पहिल्यांदाच खालच्या दालनात गेलो. वाफ, गरम कापडाचा वास आणि इतका आवाज की स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही.

रोलर पाहिला. पुढे कोरी पिवळी जाळी, स्क्रू अजून चकाकणारे.

मग आत आलो ते दार माझ्या मागे बंद झालं, आणि त्याच्या मागे दुसरी जाळी दिसली. जुनी. भिंतीला टेकवून ठेवलेली, सुतळीने खिळ्याला बांधलेली. तिच्यावर धाग्यांच्या धुळीचा बोटभर थर. तिला कुणीतरी एक ॲप्रन अडकवला होता, रोज अडकवत असल्यासारखा. शेजारी फरशी पुसायचा दांडा.

काका चादरींची गाडी ढकलत आले, थांबले.

“दोन महिने तिथेच होती. चादर अडकली की दर वेळी जाळी उघडावी लागायची, वेळ जायचा. सुपरवायझर म्हणाले, काढून ठेवा. नवी बसवली ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

काका म्हणाले, “तिने सांगितलं होतं की. लिहून दिलं होतं तुम्हाला.”

मी किल्ली न घेता घरी आलो. मी वीस वेळा लिहून घेतलं. वीस वेळा. लाज वाटते हा शब्दही पुरत नाही.

२१ मार्च

सकाळीच मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, तुम्ही मला फसवलंत, मी चौकशीच्या बाईंना सगळं सांगणार.

त्यांनी आधी कॉफी मागवली. मग शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही तर स्वतः तिथे होता. चूक तुम्हीच दुरुस्त केलीत. आता काय सांगणार, की तुम्हाला इंग्रजी येत नाही?”

चोर तो चोर, वर शिरजोर. कॉफी प्यालो नाही, एवढंच केलं.

कामगारांपैकी कुणी माझ्यासोबत येईल का, हे काकांना विचारलं. म्हणाले, “तेरा घरं आहेत, मास्तर.” मी पुढे विचारलं नाही. माझं पेन्शन दर महिन्याला येतं. मला विचारायचा हक्क नव्हता.

२२ मार्च

बाईंना पत्र लिहिलं. इंग्रजीत, चार पानी. जाळी कुठे होती, किती दिवस होती, कुणी काढली. माझं बोट कसं वर गेलं तेही. ही म्हणाली, “आता तरी छोटं लिहा. विचारलंय तेवढंच.” मी वर पाहिलं तर ती टोमणा मारत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

पत्र एक पानाचं केलं आणि टाकून आलो. वरातीमागून घोडं, पण घोडं तरी निघालं.

२९ मार्च

उत्तर नाही. रोज अकरा वाजता जिन्यात जाऊन उभा राहतो. पोस्टमन लांबूनच मान हलवतो.

३ एप्रिल

उत्तर आलं. सभ्य, चार ओळींचं. चौदा साक्षी एकमेकींशी जुळतात. शेवटच्या साक्षीदाराने शिक्षकांच्या मदतीने स्वतःचं उत्तर दुरुस्त केल्याची नोंद आहे. कारखान्याच्या पाहणीत जाळी जागेवर आढळली. निर्णय आधीच कळवला आहे. अपघाताच्या वेळी कामगार घाईत होती.

घाईत होती. ‘इन अ हरी.’ हे वाक्यही माझंच. उच्चार जमावा म्हणून त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घोकून घेतलं होतं.

मी पुन्हा लिहिणार होतो. कुणाला, ते कळेना. कागद पुढे घेऊन दुपारभर बसलो आणि नुसती तारीख घातली.

५ एप्रिल

इस्पितळात जाऊन आलो. धाकटीच्या खाटेजवळ जाण्याची हिंमत झाली नाही, काचेतून पाहिलं. वय असेल बावीस-तेवीस. डाव्या हाताने केस विंचरायचा प्रयत्न करत होती. भांग पुन्हा पुन्हा वाकडा होत होता. नर्सबाईंनी सांगितलं, पुढची शस्त्रक्रिया रद्द झाली, सोमवारी घरी सोडणार.

सोबत नेलेली संत्री नर्सबाईंकडे दिली. कुणी दिली म्हणून सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगू नका.

७ एप्रिल, सोमवार

दुपारी दार वाजलं. हिने उघडलं. थोरली होती.

मी उठून उभा राहिलो. माफी मागायची म्हणून सतरा दिवस जुळवलेली सगळी वाक्यं त्या क्षणी कुठे गेली, देव जाणे. नुसतं “ये, बस” म्हणालो. ती बसली नाही. पिशवीतून वही काढली आणि पान उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

तेच पान. जाळी दाराच्या मागे होती. वर माझी लाल फुली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मास्तर, ही फुली काढून द्याल?”

“कुठे द्यायचीय वही? मी लिहिलं होतं त्यांना, ते म्हणतात...”

“कुठे नाही द्यायची. धाकटी आज घरी आलीय. मला म्हणते, तू माझ्यासाठी एक वाक्यही बोलली नाहीस. मी म्हटलं, बोलले, आधी लिहिलंही होतं. म्हणाली, दाखव.”

मी खोडरबर घेतलं. शाईच्या खोडरबराने हळूहळू घासायला लागलो. लाल रंग पसरला आणि खालचं ‘बिहाइंड’ पुसट झालं. मग ब्लेडच्या कडेने खरवडलं. कागदाला भोक पडलं.

“राहू दे,” थोरली म्हणाली.

“थांब.” मी पेन घेतलं, बाजूला ‘बरोबर’ लिहिलं, मोठ्या अक्षरात. खाली सही केली. वरच्या कोपऱ्यात १० मार्च होती, तिच्या हातची. सहीखाली माझी तारीख घालताना पेन अडलं. मग ७ एप्रिल घातली.

“हे दाखव तिला. मी इंग्रजीतही लिहून देतो, हे उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती.”

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, “बाई, चहा तरी घे.”

थोरलीने वही उचलली. भोकावरून बोट फिरवलं, मग वही छातीशी धरली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली, मास्तर,” ती म्हणाली. “तिला ना इंग्रजी वाचता येत, ना तुम्ही लिहिलेलं. फुली तेवढी कळते.”

ती गेल्यावर मी खिडकीत जाऊन पाहिलं. रस्ता ओलांडताना तिने वही पिशवीत टाकली नव्हती, हातातच होती.